फॅलोच्या शस्त्रक्रियेत आडवी येणारी धमनी

मार्सेचे डॉक्टर आर्थर फॅलो यांनी 1888 मध्ये ‘निळ्या आजारा’चे (रक्तात प्राणवायू कमी पडून त्वचा निळसर दिसते तो) वर्णन करताना हृदयातले चार दोष एकत्र मांडले. फुप्फुसांकडे जाणारी अरुंद वाट आणि जवनिकांमधल्या, म्हणजे हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या, पडद्याचे छिद्र हे त्यांतले मुख्य. अशा शंभर हृदयांपैकी सुमारे तीन ते पाच हृदयांत आणखी एक वेगळेपण असते: डाव्या कोरोनरीची (कोरोनरी म्हणजे हृदयाच्याच स्नायूला रक्त पुरवणारी धमनी) पुढची मोठी शाखा, म्हणजे डॉक्टरांच्या बोलण्यातली ‘एलएडी’, उजव्या कोरोनरीतून निघते आणि त्या अरुंद वाटेवरूनच आडवी जाते. फॅलोच्या चौकडीत ती नाही, आणि असण्याचे कारणही नव्हते, कारण ती आपले काम चोख करते. ती अडचणीची ठरली शस्त्रक्रियेमुळे.

तेही लगेच नव्हे. 29 नोव्हेंबर 1944 रोजी अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात शल्यचिकित्सक आल्फ्रेड ब्लेलॉक यांनी, हेलन टॉसिग यांच्या कल्पनेवरून आणि व्हिव्हियन थॉमस यांनी प्रयोगशाळेत सिद्ध केलेल्या पद्धतीने, फुप्फुसांना जास्त रक्त मिळावे म्हणून हाताकडे जाणारी धमनी फुप्फुसधमनीला जोडली. हृदयाला सुरी लागलीच नाही. 31 ऑगस्ट 1954 रोजी मिनेसोटात वॉल्टन लिलेहाय यांनी हृदय उघडून मूळ दोष दुरुस्त केला, तेव्हापासून उजव्या जवनिकेच्या तोंडाशी छेद घेणे आले, आणि आडव्या एलएडीची जागा नेमकी तीच. ती कापली गेली तर डाव्या जवनिकेचा पुढचा भाग आणि पडद्याचा मोठा हिस्सा रक्तावाचून राहतो.

म्हणून ती आधी दिसणे महत्त्वाचे. महाधमनीच्या मुळाशी रंगद्रव्य सोडून घेतलेली चित्रे, पुढे इकोकार्डिओग्राफी आणि आता सीटी यांनी हे बरेच सोपे केले. तरीही हृदय धडधडत असताना, कोरोनरी रक्ताने भरलेल्या असतानाच, शल्यचिकित्सक समोरचा पृष्ठभाग एकदा निरखून घेतो. चरबीखाली किंवा स्नायूत दडलेली धमनी मात्र तेव्हाही हुलकावणी देऊ शकते.

धमनी आडवी असेल तर काही वेळा उजव्या कर्णिकेतून (हृदयाच्या वरच्या कप्प्यातून) आणि फुप्फुसधमनीतून आत शिरून काम भागते. ते जमले नाही, तर जवनिकेपासून फुप्फुसधमनीपर्यंत धमनीवरून नळी टाकतात. 1966 मध्ये लंडनला डोनाल्ड रॉस यांनी, फुप्फुसाकडची वाट पूर्ण बंद असलेल्या रुग्णात, मानवी महाधमनीचा झडपेसह तुकडा अशा नळीसाठी वापरला होता. ही नळी मुलाबरोबर वाढत नाही. ती बदलायला काही वर्षांनी छाती पुन्हा उघडावी लागते, आणि तोवर ती धमनी चिकटलेल्या व्रणांखाली गेलेली असते.