पार्श्वभूमी : पाच पालिकांची भट्टी आणि तिच्या मापाचा वाद

कोपनहेगनजवळच्या अमागेर बेटावरील कचरा-वीज प्रकल्पाचं नाव निघालं की हल्ली त्याच्या छतावरच्या स्की उताराचीच चर्चा होते. खरा वाद छताखालच्या दोन भट्ट्यांचा आहे.

डेन्मार्कमध्ये कचरा जाळून उष्णता घेण्याची सुरुवात 1903 मध्ये फ्रेडरिक्सबर्गला झाली. चहूबाजूंनी कोपनहेगनने वेढलेल्या या पालिकेला कचरा टाकायला जागाच नव्हती. अमागेरचा पहिला सामायिक प्रकल्प 1970 मध्ये सुरू झाला. तेलटंचाईनंतर 1979 मध्ये उष्णतापुरवठ्याचा कायदा आला आणि 1984 मध्ये राजधानी परिसरातल्या पालिकांनी गरम पाण्याच्या नळांतून उष्णता वाहून नेणारी सामायिक कंपनी काढली. 1997 पासून ज्वलनशील कचरा पुरायला बंदी आली. म्हणजे एका बाजूने कचरा घ्यायलाच हवा, दुसऱ्या बाजूने हिवाळ्यात घरं गरम ठेवायलाच हवीत. पुढचे सगळे निर्णय या दोन बंधनांत अडकले.

2012 मध्ये जुन्या भट्ट्या बदलायच्या ठरल्या. खर्च सुमारे 4 अब्ज डॅनिश क्रोनर. कर्जाला हमी मालक पालिकांची : कोपनहेगन, फ्रेडरिक्सबर्ग, हुइडोव्रे, टॉर्नबी आणि ड्रॅगर. भागीदारीचा करार असा की संपूर्ण कर्जाला प्रत्येक पालिका जबाबदार. जेमतेम 14 हजार वस्तीच्या ड्रॅगरलाही हे लागू होतं. पुनर्वापर वाढत असताना एवढी मोठी भट्टी कशाला, असा आक्षेप पर्यावरणाच्या बाजूने घेतला गेला आणि हमीचं घोडं अडलं. अखेर तडजोड झाली. भट्ट्या ठरल्या मापाच्याच राहिल्या, फक्त परदेशी कचरा आणायचा नाही अशी अट घातली गेली. आक्षेप रास्त होता, आणि अटीने तो मिटला नाही. पुढे ढकलला गेला. कर्जाचे हप्ते भट्टीच्या मापावर बेतलेले असतात. अट पाळण्याचा खर्च कोण सोसणार हे करारात नसेल, तर अट टिकत नाही.

मापाचं गणित असं. प्रत्येक भट्टी तासाला 35 टन कचऱ्याची, पण तो कचरा किलोला 11.5 मेगाज्यूल उष्मांकाचा, म्हणजे जळल्यावर तेवढी उष्णता देणारा, धरून. म्हणजे सुमारे 112 मेगावॉट उष्णता. दोन भट्ट्या वर्षाला 8,000 तास चालल्या तर 5 लाख 60 हजार टन. प्लास्टिक जास्त आलं आणि उष्मांक 14 वर गेला, तर बॉयलर 29 टनांवरच भरतो. उलट प्लास्टिक वेगळं काढल्याने उष्मांक 10 वर उतरला, तर तेवढ्याच उष्णतेसाठी 40 टन लागतात, आणि भट्टीतली सरकती शेगडी तेवढा कचरा पुढे सरकवू शकत नाही. त्यामुळे ‘टनांची क्षमता’ लिहून करार करणाऱ्या पालिकांनी उष्मांकाची पट्टीही करारात लिहायला हवी, आणि ट्रक वजनकाट्यावर येतो तेव्हाच नमुने घ्यायला हवेत. नाहीतर ओला कचरा कोणी पाठवला आणि तुटीचा भार कोणी उचलायचा, हे भांडण कधीच सुटत नाही.

हा धडा आपल्याकडे आधीच मिळाला होता. दिल्लीत तिमारपूरला 1987 मध्ये डॅनिश मदतीने दिवसाला 300 टनांचा, 3.75 मेगावॉटचा प्रकल्प उभा राहिला. कचरा ओला, माती-राखेने भरलेला. उष्मांक आराखड्यात धरला त्याच्या जवळपास निम्मा. काही दिवसांतच तो बंद पडला.

अमागेरला 2017 मध्ये भट्ट्या पेटल्या. पूर्ण भारावर 63 मेगावॉट वीज आणि 157 मेगावॉट उष्णता. वीज स्वस्त असली की टर्बाइन बाजूला ठेवून सगळीच उष्णता शहराला देता येते. त्याआधीच, 2016 मध्ये, पैशाचं गणित कोलमडत असल्याने आयातीची अट सैल करावी लागली होती. 2020 च्या हवामान करारात संसदेतल्या पक्षांनी देशाची जाळण्याची क्षमता सुमारे 30 टक्क्यांनी घटवायचं ठरवलं. कोणते प्रकल्प बंद करायचे यावर पालिकांचं एकमत होईना, म्हणून 2022 मध्ये निवड स्पर्धेवर सोपवण्याचं ठरलं : पालिकांनी प्रकल्पांच्या कंपन्या करायच्या आणि जाळायचा कचरा निविदेने द्यायचा. जुन्या हमीची जबाबदारी मात्र पालिकांकडेच आहे.