बीएस्सी बॉटनीला प्रवेश: ठाणे-नवी मुंबईकरांचे अर्ज कुठे अडकतात

बॉटनीची जागा मार्क कमी पडले म्हणून हुकल्याचं फार क्वचित दिसतं. ती हुकते कागदामुळे, नाहीतर तारीख चुकीची समजल्यामुळे. बारावी सायन्सला बायोलॉजी घेतलेली मुलं नीटच्या निकालाकडे डोळे लावून बसतात आणि तोवर बीएस्सीच्या याद्या लागून जातात. मेडिकलचे कॅप राउंड, म्हणजे केंद्रीय प्रवेशफेऱ्या, पुढे कित्येक आठवडे चालतात, बीएस्सी तेवढं थांबत नाही. म्हणून आशा असली तरी अर्ज भरून ठेवा. नंतर दुसरीकडे नंबर लागलाच, तर लेखी अर्ज देऊन प्रवेश रद्द करता येतो, मूळ दाखला परत मिळतो आणि फी नियमाप्रमाणे वजा होऊन येते.

दुसरी गफलत नोंदणीची. मुंबई विद्यापीठाच्या पोर्टलवर प्रवेशपूर्व नोंदणी केली म्हणजे प्रवेश झाला नाही. त्या नोंदणीची प्रिंट घेऊन प्रत्येक कॉलेजचा अर्ज वेगळा भरायचा असतो आणि दोन्हींच्या शेवटच्या तारखा वेगळ्या असतात. ठाण्याच्या बांदोडकरसारख्या स्वायत्त कॉलेजचं वेळापत्रक तर त्यांच्याच संकेतस्थळावर बघावं लागतं. अर्जात नुसतं ‘बीएस्सी’ पाहून पुढे जाऊ नका, बॉटनी मेजर (मुख्य विषय) आहे की मायनर (जोडविषय) ते नीट वाचा. यादीत नाव आलं की दिलेल्या मुदतीत फी भरा.

आता दाखले. खरी रडारड इथेच होते. उत्पन्नाचा आणि ईडब्ल्यूएसचा (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा) दाखला ३१ मार्चला संपतो. फेब्रुवारीत धावपळ करून काढलेला कागद जूनमध्ये काउंटरवर बाद होतो. नॉन-क्रीमीलेअर, म्हणजे मागास प्रवर्गातलं कुटुंब उत्पन्नमर्यादेत असल्याचं प्रमाणपत्र, जास्त वर्षांचं मिळू शकतं, पण त्यावरही कोणत्या सालच्या ३१ मार्चपर्यंत वैध आहे ते छापलेलं असतं. तेवढी एक ओळ वाचा. नीटसाठी काढलेला केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी दाखला इथे चालत नाही, राज्याच्या नमुन्यातलाच लागतो.

दाखला कोणत्या तहसीलमधून काढायचा हाही घोळ. वाशी, नेरूळ, ऐरोली ठाणे तालुक्यात. खारघर, कामोठे, कळंबोली पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्ह्यात. खारघरची एक आई मुलीची फाइल छातीशी धरून दुपारपर्यंत ठाणे तहसीलच्या रांगेत उभी होती, खिडकीपाशी पोचल्यावर तिला सांगितलं, ‘तुमचं पनवेलला.’ पत्ता ‘नवी मुंबई’ लिहिणाऱ्याला हे कसं कळावं? दारावर गावांची यादी लावायला फार खर्च येत नाही.

जातीचा दाखला तर राहत्या पत्त्यावरूनही ठरत नाही. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या दिवशी तुमचं घराणं जिथे राहत होतं, तिथल्या उपविभागीय अधिकाऱ्याकडून तो घ्यावा लागतो. त्या तारखेआधीचा पुरावा हवा, आणि बहुतेक घरांत तोच नसतो. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर त्यांचा शाळेचा दाखला कुठून आणणार? अशा वेळी गावातल्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदी आणि महसुली कागद तहसीलच्या अभिलेख कक्षात शोधावे लागतात. हे काम निकालानंतरच्या आठ दिवसांत होत नाही. मूल अकरावीत असतानाच सुट्टीत गावी जाल तेव्हा सुरू करा.

सीबीएसईच्या मुलांना मायग्रेशन सर्टिफिकेट (बोर्ड बदलण्याचा दाखला) लागतं. मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. बाकी गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, फोटो नेहमीचेच.

शेवटी नाव. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर बहुधा शेवटी, आणि कुठे वडिलांचं नावच गाळलेलं. क्रम बदलला तर सहसा निभावतं, स्पेलिंग बदललं की एबीसी आयडी (विद्यार्थ्याचे क्रेडिट जमा होणाऱ्या ऑनलाइन खात्याचा नंबर) अडतो. गुणपत्रिकेप्रमाणे आधी आधार दुरुस्त करा, मग आयडी काढा, आणि तोच आयडी अर्जात टाका.