मौजेखातर अमली पदार्थांचे सेवन व मानसिक आरोग्य

उपचारासाठी नव्हे, तर नशेच्या सुखासाठी किंवा संगतीखातर घेतलेल्या पदार्थांचा मनावर काय परिणाम होतो, याचा अभ्यास. गांजा, चरस, कोकेन, अँफेटामीन (तरतरी आणणारे उत्तेजक), एमडीएमए (‘एक्स्टसी’ नावाने विकली जाणारी गोळी), एलएसडी (भास घडवणारे रसायन), केटामीन (मुळात भुलीचे औषध) हे त्याचे नेहमीचे विषय. दारू आणि तंबाखू कायद्याने चालतात म्हणून त्यांना पुष्कळदा वेगळे काढले जाते. मेंदूला मात्र कायद्याची ही वाटणी कळत नाही.

या अभ्यासाचा सगळा पीळ एकाच प्रश्नात आहे : आधी काय? गांजा ओढणाऱ्या तरुणाला भास होऊ लागले, तर ते गांजाने झाले, की मन आतून ढासळू लागले होते म्हणून तो गांजाकडे वळला? की दोन्हींच्या मुळाशी लहानपणचा एखादा आघात किंवा घराण्यातून आलेली प्रवृत्ती आहे?

पॅरिसचे मनोविकारतज्ज्ञ मोरो द तूर यांनी स्वतः हशीश (गांजाच्या झाडापासूनचा नशेचा पदार्थ) खाऊन पाहिले आणि १८४५ साली त्या धुंदीचे वेडाशी असलेले साम्य ग्रंथरूपाने मांडले. पुढे ब्रिटिश हिंदुस्थानात १८९३-९४ मध्ये भांग-गांजा आयोग नेमला गेला. वेड्यांच्या इस्पितळांतील नोंदवह्यांत वेडाचे कारण म्हणून ‘गांजा’ हा शब्द वारंवार येत होता. आयोगाने प्रकरणे उकरून पाहिली तेव्हा दिसले, की रुग्णासोबत पोलिसांकडून आलेल्या कागदावर जे कारण असे, तेच बहुधा वहीत उतरवले जाई. बेताच्या सेवनाने मनाला इजा होत नाही, अतिसेवनाने होऊ शकते, विशेषतः मन मुळात दुबळे असेल तर, असा निष्कर्ष आयोगाने काढला. सव्वाशे वर्षांनंतरही ती तपासणी वाचण्याजोगी आहे, कारण कागदावरचे कारण आणि खरे कारण यांतला फरक तिने ओळखला होता.

आधुनिक काळातील सर्वांत गाजलेला पुरावा स्वीडनचा. तेथे १९६९-७० मध्ये लष्करात भरतीसाठी आलेल्या ४५ हजारांहून अधिक तरुणांना त्यांच्या नशेच्या सवयी विचारल्या होत्या. पंधरा वर्षांनी रुग्णालयांच्या नोंदींशी ताळा घातला, तर पन्नासहून अधिक वेळा गांजा घेतलेल्यांमध्ये स्किझोफ्रेनियाचे (भास व भ्रम होणाऱ्या गंभीर मानसिक आजाराचे) प्रमाण न घेणाऱ्यांच्या सहापट निघाले (१९८७). भरतीच्या वेळी आधीच असलेला मानसिक आजार, घरची परिस्थिती वगैरे हिशेबात धरल्यावर सहापटीचा आकडा बराच खाली आला. तरी संबंध पुसला गेला नाही. न्यूझीलंडच्या ड्यूनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या मुलांच्या अभ्यासात पंधराव्या वर्षापर्यंत गांजा सुरू करणाऱ्यांना पुढे अशा आजाराची जोखीम अधिक दिसली. युरोप व ब्राझीलमधील २०१९ च्या अभ्यासात रोज तीव्र गांजा, म्हणजे १० टक्के किंवा त्याहून जास्त टीएचसी (गांजातील नशा आणणारा घटक) असलेला, घेणाऱ्यांमध्ये मनोविकृतीची, म्हणजे भास-भ्रमांनी वास्तवाशी संबंध सुटण्याची, शक्यता सुमारे पाचपट आढळली. हे आकडे वाचताना एक भान हवे. स्किझोफ्रेनिया मुळात शंभरांत एखाद्यालाच होणारा आजार आहे. त्यामुळे गांजा घेणाऱ्या बहुतेकांना तो होत नाही. पण ज्याच्या घरात हा आजार आहे अशा किशोरवयीन मुलाला त्या ‘बहुतेकां’चा दिलासा देणे धोक्याचे आहे. जनुकांवर आधारित अलीकडच्या अभ्यासांत बाण दोन्ही दिशांना जाताना दिसतो : गांजाकडून आजाराकडे आणि आजाराच्या प्रवृत्तीकडून गांजाकडेही.

अँफेटामीनबाबत चित्र अधिक स्पष्ट आहे. लंडनचे फिलिप कॉनेल यांनी १९५८ मध्ये ४२ रुग्णांचे वर्णन केले. कोणीतरी पाळतीवर आहे असा पक्का संशय, कानांत आवाज. लक्षणे स्किझोफ्रेनियासारखीच, परंतु औषध शरीरातून निघून गेल्यावर बहुधा ओसरणारी.

या क्षेत्रात चूक किती साधी असू शकते, हे २००२ साली दिसले. एमडीएमएच्या नेहमीच्या मात्रेनेच मेंदूतील डोपामीन या संदेशवाहक रसायनाच्या पेशींना जबर इजा होते, असा माकडांवरील प्रयोगाचा निबंध ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात आला आणि जगभर खळबळ उडाली. प्रयोग पुन्हा करताना मात्र तो परिणाम येईना. शेवटी, मेलेल्या दोन प्राण्यांचे गोठवून ठेवलेले मेंदू तपासले. त्यांत मेथअँफेटामीन हे अँफेटामीनच्या जातीचे दुसरेच उत्तेजक सापडले, एमडीएमएचा मागमूस नव्हता. बाटल्यांवरची लेबले बदलली गेली होती. २००३ मध्ये निबंध मागे घेण्यात आला. प्रयोगशाळेत असे घडत असेल, तर रस्त्यावर घेतलेल्या गोळीत काय आहे हे ती घेणाऱ्याला कुठून कळणार? आणि तरीही पुष्कळ सर्वेक्षणे त्याच्याच सांगण्यावर उभी असतात.

एलएसडी आणि सायलोसायबिन (काही अळिंबींत सापडणारे भासकारक द्रव्य) यांसारख्या पदार्थांवर १९७० नंतर कायद्याच्या निर्बंधांमुळे मानवी प्रयोग जवळजवळ थांबले. आता ते उपचाराच्या अंगाने परतले आहेत. केटामीनपासून बनवलेल्या एस्केटामीनला अमेरिकेत २०१९ मध्ये नैराश्यावर मान्यता मिळाली. एमडीएमएच्या साह्याने आघातोत्तर विकारावर (भयंकर अनुभवानंतर मागे राहणाऱ्या मानसिक त्रासावर) उपचार करण्याला मान्यता मागणारा अर्ज मात्र २०२४ मध्ये तेथील औषध प्रशासनाने नाकारला. तज्ज्ञांच्या आक्षेपांपैकी एक अगदी मूलभूत होता : नशा चढली की खरे औषध कोणाला मिळाले आणि कोरी गोळी कोणाला, हे रुग्ण आणि उपचारक दोघेही ओळखतात, मग बरे वाटण्यात औषधाचा वाटा किती आणि अपेक्षेचा किती हे मोजता येत नाही.