गरज आणि चैन (ख्रिस्ती विचार)

जगायला लागते किती आणि हौसेपोटी हवे असते किती, हे ओळखून वरचे गरिबांसाठी सोडणे ही ख्रिस्ती नीतिविचारातील जुनी शिकवण आहे. बायबलमधील रानात मिळणारा मान्ना (देवाने पुरवलेले अन्न) माणशी एक ओमरच (धान्य मोजण्याचे जुने माप) गोळा करायचा होता. उद्यासाठी राखून ठेवला की त्यात किडे पडत. चौथ्या शतकात कैसरियाचा बिशप बासिल याने धान्याची कोठारे भरणाऱ्यांना सुनावले, की पेटीत पडून राहिलेला अंगरखा उघड्या माणसाचा आहे.

तेराव्या शतकात ख्रिस्ती धर्मपंडित थॉमस अक्वायनसने गरजेचे दोन प्रकार मानले: जिच्यावाचून जीव राहणार नाही ती, आणि जिच्यावाचून आपल्या प्रतिष्ठेला साजेसे राहता येणार नाही ती. यातली दुसरी फसवी. मिळकत वाढली की इभ्रत वाढते आणि कालची चैन आज गरज होऊन बसते.

ही पळवाट बंद केली ती मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाचा इंग्रज प्रवर्तक जॉन वेस्ली (१७०३–९१) याने. ऑक्सफर्डमधल्या एका तरुण मेथडिस्टाचा हिशेब त्याने प्रवचनात सांगितला आहे. तो तरुण म्हणजे वेस्लीच, असे सहसा मानतात. पहिल्या वर्षी मिळकत ३० पौंड, खर्च २८, दान २. पुढे मिळकत ६०, ९० आणि १२० झाली. खर्च मात्र २८ वरच राहिला आणि दान ३२, ६२, ९२ असे चढत गेले. आधी रेषा ओढायची, मग पगार मोजायचा, असा हा क्रम. १७७६ मध्ये चांदीच्या भांड्यांवरील कराच्या अधिकाऱ्यांनी, एवढ्या नामांकित माणसाने चांदी दडवली असणार अशा समजुतीने, त्याला विचारणा केली. उत्तर आले: लंडनला दोन चमचे, ब्रिस्टलला दोन, भोवती इतक्यांना भाकर मिळत नसताना आणखी घेणार नाही.

विसाव्या शतकात प्रश्न शेजारच्या गरिबापुरता उरला नाही. १९७४ च्या लोझान करारनाम्यात (जगभरच्या इव्हँजेलिकल ख्रिस्ती लोकांच्या परिषदेच्या जाहीरनाम्यात) सुखवस्तू ख्रिस्ती लोकांनी साध्या राहणीचे कर्तव्य पत्करले. १९८० मध्ये इंग्लंडमधील हॉडस्डन येथील साध्या राहणीवरच्या परिषदेने गरज व चैन, तसेच प्रासंगिक सणसोहळा व रोजचा रिवाज, असे भेद मांडले. नियम मात्र घालून दिले नाहीत. सणाला सूट ठेवली, हे शहाणपणाचेच. अमेरिकेतील ख्रिस्ती लेखक रॉन सायडर यांनी दशमांश (मिळकतीचा दहावा भाग दान देण्याची प्रथा) चढता केला: ठरावीक रकमेवर दहा टक्के, पुढच्या प्रत्येक हजार डॉलरला टक्केवारी पाचाने वाढती.

चमचे कमी केल्याने कर्जात बुडालेला देश वर येत नाही, हा या विचारावरचा रास्त आक्षेप. म्हणूनच अनेक चर्चसंस्था गरीब देशांच्या कर्जमाफीच्या ‘ज्युबिली २०००’ चळवळीत उतरल्या. दर पन्नासाव्या वर्षी गरिबीपायी दास झालेल्यांना मोकळीक आणि विकलेली जमीन मूळ मालकाला परत देणाऱ्या बायबलमधील योबेल (ज्युबिली) वर्षावरून हे नाव आले. १६ मे १९९८ रोजी जी-८ या आठ बड्या औद्योगिक देशांच्या राष्ट्रप्रमुखांच्या बैठकीच्या वेळी इंग्लंडमधील बर्मिंगहॅममध्ये सुमारे ७०,००० लोकांनी मानवी साखळी केली.