पितळेच्या पुंगळीला किती जागा द्यायची?

ऐरोलीला राहणारा माझा भाचा परवा एक व्हिडिओ घेऊन आला. अमेरिकेतला एक तरुण घरच्या गॅरेजमध्ये रायफल जुळवत होता. नळी बसवून झाल्यावर त्याने काडतुसाच्या आकाराचा एक पोलादी तुकडा चेंबरमध्ये, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेत सारला आणि बोल्ट, म्हणजे चेंबरचं मागचं तोंड बंद करणारा दांडा, बंद केला. मग तसाच दुसरा तुकडा घातला. या वेळी बोल्ट बंद होईना, आणि तो खूश झाला. "मामा, बंद झाला नाही तर खूश कशाला व्हायचं? आणि सरळ व्हर्निअर लावून मोजत का नाही?"

आपल्याकडे परवान्याशिवाय बंदूक बनवणं हा 1959 च्या शस्त्र कायद्याखाली गंभीर गुन्हा आहे, त्यामुळे त्या वाटेला जायचा प्रश्नच नाही. पण भाच्याचे दोन्ही प्रश्न अस्सल होते. माझं आयुष्य ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये, टूलरूममध्ये गेलं. ते पोलादी तुकडे म्हणजे गेज, ठरलेल्या मापाला घासून काढलेले तपासणीचे नमुने. गेज कसं काम करतं हे कोणी विचारलं, तर मला गप्प बसवत नाही.

त्या तुकड्यांनी जे तपासतात त्याला हेडस्पेस म्हणतात. नावामुळे पुष्कळांची समजूत होते की ही कुठली तरी रिकामी फट असावी. तसं नाही, ही एक लांबी आहे. बंद बोल्टच्या तोंडापासून, काडतूस चेंबरमध्ये पुढे जाऊन जिथे अडतं त्या जागेपर्यंतची. .308 विंचेस्टरसारख्या काडतुसात पुंगळीचं, म्हणजे काडतुसाच्या पितळी कवचाचं, अंग मानेकडे निमुळतं होतं, त्या उताराला खांदा म्हणतात. काडतूस खांद्यावर अडतं. पण खांदा म्हणजे उतार, आणि उतारावर नेमकं कुठून मोजायचं? म्हणून ठरवून टाकलंय की उताराचा व्यास जिथे 10.16 मिलिमीटर होतो, ते वर्तुळ धरायचं. हे वर्तुळ धातूवर कुठेही आखलेलं नसतं. व्हर्निअरचा जबडा चेंबरच्या आत जात नाही, आणि गेला तरी टेकणार कशावर? गेजवर मात्र तोच उतार घासून काढलेला असतो. उतार उताराला भिडला की लांबी आपोआप तपासली जाते.

या काडतुसासाठी गो गेज, म्हणजे ज्यावर बोल्ट बंद व्हायलाच हवा ते, 41.40 मिलिमीटरचं आणि नो-गो, म्हणजे ज्यावर बंद होता कामा नये ते, 41.50 चं. फरक मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाचा, आमच्या भाषेत चार थाऊ, म्हणजे इंचाचे चार हजारांश. एवढ्याशासाठी एवढा आटापिटा का, हे कळायला पुंगळीच्या आत काय घडतं ते पाहावं लागतं, आणि मला सगळ्यात आवडतो तो हाच भाग.

पुंगळी 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्ताच्या पितळेची असते. गोळी झाडताच आतला दाब 4,000 बारच्या वर जाऊ शकतो, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या दाबाच्या सुमारे दोन हजार पट. पुंगळीची पुढची भिंत पातळ असते. ती लगेच फुगते आणि चेंबरच्या पोलादाला घट्ट चिकटते, त्यामुळे वायू मागे येऊ शकत नाही. बुडाकडचा भाग मात्र जाड आणि भरीव, तो फुगत नाही. त्याच वेळी फायरिंग पिनच्या ठोक्याने काडतूस पुढे खांद्यावर टेकलेलं असतं, म्हणजे बुडामागे फट असते. हेडस्पेस जितकी जास्त, तितकी ही फट मोठी. आता पुढचा भाग भिंतीला धरून बसलाय आणि बुडावर तीन टनांच्या आसपास जोर मागे रेटतोय. बूड मागे सरकून बोल्टवर आदळतं. मधलं पितळ ताणलं जातं, तेही सगळ्या लांबीभर नाही, तर जाड आणि पातळ भाग जुळतात त्या अरुंद कड्यात. फट थोडी असेल तर पितळ निभावून नेतं. जास्त असेल तर ते कडं पातळ होतं, तडकतं, आणि तो सगळा दाब नेमबाजाच्या चेहऱ्याच्या दिशेने वाट शोधतो.

मग पितळच का? त्याचा स्थितिस्थापकता गुणांक, म्हणजे ताणलं जायला ते किती विरोध करतं याचं माप, सुमारे 110 गिगापास्कल, पोलादाचा 200. कडक केलेलं पितळ कायमचं वाकण्याआधी तुलनेने जास्त ताण खातं आणि दाब उतरला की तेवढंच मागे आकसतं. म्हणून भिंतीला इतकी घट्ट चिकटलेली पुंगळी क्षणात सुटते आणि बाहेर ओढता येते.

तेव्हा नो-गोवर बोल्ट बंद झाला नाही याचा अर्थ जागा जास्त नाही, आणि गो गेजवर बंद झाला याचा अर्थ जागा कमीही नाही. तो तरुण खूश झाला ते यासाठी. वापरलेल्या रायफलसाठी 41.61 चं तिसरं, फील्ड गेज असतं. त्यावरही बोल्ट बंद झाला तर ती रायफल वापरायची नाही.

हीच युक्ती वागळेपासून रबाळेपर्यंतच्या शेडमध्ये रोज चालते. भोकाचं माप तपासायच्या दांड्याचं, म्हणजे प्लग गेजचं, एक टोक भोकात गेलंच पाहिजे, लाल रेघेचं दुसरं जाता कामा नये. विल्यम टेलर या इंग्रज माणसाने 1905 साली यातलं मर्म मांडलं: गो बाजूने पूर्ण आकार एकदम तपासावा, नो-गोने एकेक माप स्वतंत्र.

दोन गोष्टी मला खटकतात, त्या सांगतोच. उस्तादाच्या बोटांना मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, कळतो, हे कौतुकाने ऐकवलं जातं. बोटांना खरखरीतपणा कळतो, लांबी नाही. दुसरं, खंडेनवमीला गेजच्या घासलेल्या तोंडावर हळदकुंकू वाहतात. मशीनची पूजा खुशाल करा, पण कुंकवाची पूड ओल धरते आणि ठाण्याच्या दमट हवेत पोलादाला गंज चढायला वेळ लागत नाही.

तापमानाचंही तसंच. मापं 20 अंश सेल्सिअसला धरतात. मे महिन्यात शेडमध्ये 35 अंश असताना 100 मिलिमीटरचं पोलादी गेज सुमारे 17 मायक्रॉन वाढलेलं असतं. जॉब, म्हणजे तपासायचा सुटा भाग, पोलादाचा असेल तर तोही तितकाच वाढतो आणि हिशेब जुळतो. अॅल्युमिनियमचा असेल तर तो जवळजवळ दुप्पट वाढतो, आणि दुपारी पास झालेला जॉब रात्रीच्या एसीत नापास होतो.

भाच्याने शेवटी माझं जुनं प्लग गेज हातात घेतलं आणि विचारलं, दोन टोकांपैकी आधी कुठलं झिजतं. गो बाजूचं. ते प्रत्येक चांगल्या भोकात शिरतं, घासतं, हळूहळू बारीक होतं, आणि मग लहान भोकंही पास करू लागतं. नो-गो सहसा तोंडाशीच अडतं, म्हणून वर्षानुवर्षं तसंच राहतं. आमच्याकडे गो बाजू ठरलेल्या दिवसांनी मोजायला जायची, झिजलेली निघाली की त्याच दिवशी कपाटाबाहेर.