युनियनची वर्गणी नेत्याच्या इलेक्शनला जाते का?

बेळगावच्या उद्यमबाग इंडस्ट्रियल एरियातल्या फाउंड्रीचा युनियन लीडर इलेक्शनला उभा राहिला की मेसेज फिरतो, 'तुमची वर्गणी त्याच्या प्रचाराला चाललीय.' वाटणं साहजिक आहे, माणूस तोच, ऑफिस तेच. पण नेहमीच्या वर्गणीतून प्रचाराचा खर्च करताच येत नाही, 1926 च्या ट्रेड युनियन कायद्याच्या कलम 16 मध्ये राजकारणासाठी वेगळा फंड सांगितला होता, त्याचे पैसे वेगळे गोळा करायचे आणि सक्ती कुणावरच नाही, दिले नाहीत म्हणून मेंबरशिप अडवता येत नाही, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्या कायद्याच्या जागी नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेतही वेगळा फंड कायम आहे. खात्री करायचीय तर पगारादिवशी फाडलेली पावती काढा, पैसे कशासाठी घेतले ते वाचा, मग युनियन ऑफिसात हिशोबाची वही मागा, मेंबरला ती बघायचा हक्क आहे.