खरी धार चमकत नाही

मागच्या आठवड्यात दोघातिघांनी मला एकच व्हिडिओ पाठवला. गंजलेला जुना वस्तरा घ्यायचा, चामड्याच्या पट्ट्यावर सटासट दहा-बारा वेळा मारायचा आणि लगेच त्याने हातावरचे केस उडवून दाखवायचे. खाली सगळे वा वा करतायत. मला मात्र हे बघून राहवलं नाही, कारण चामडं धार तयार करत नाही, असलेली धार फक्त सांभाळतं, आणि या दोन गोष्टींमधला फरक कळला की पोलाद, दगड, केस असं सगळंच एकदम उलगडायला लागतं.

माझ्याकडे आजोबांचा वस्तरा आहे, जर्मनीतल्या झोलिंगेनचा. अनेक वर्षं पेटीत पडून होता. पात्यावर गंजाचे ठिपके आणि धारेत एक छोटा खड्डा, नखाने हळूच चाचपला तर लागायचा. तो परत दाढी करण्याच्या लायकीचा करायचा म्हणून मी गेलं वर्षभर दगडांवर घासत बसलोय.

आधी धार म्हणजे काय ते बघू. धार ही पोलादावर चढवायची कुठली वस्तू नाही. दोन सपाट पृष्ठभाग तिरके येऊन जिथे भेटतात ती रेघ म्हणजे धार, बस्स. ते जितके नीट भेटतील तितकी ती रेघ बारीक. चांगल्या वस्तऱ्याची कड साधारण 0.4 मायक्रॉन जाड असते, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. दाढीचा केस 100 मायक्रॉनच्या आसपास धरा, म्हणजे कड त्याचा अडीचशेवा भाग. लोखंडाच्या स्फटिकाचं एक घर, म्हणजे अणूंची परत परत येणारी चौकट, 0.29 नॅनोमीटरचं (नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनचा हजारावा भाग), त्या हिशोबाने या कडेच्या जाडीत जेमतेम 1400 घरं बसतात. शाळेत आपण अणू म्हणजे कल्पनेपलीकडची लहान गोष्ट असं शिकतो, आणि इथे हाताने दगडावर घासून माणूस मोजता येतील इतक्या थरांपर्यंत पोचतो, हे मला अजूनही विलक्षण वाटतं.

आता माझा सगळ्यात आवडता भाग, वस्तऱ्याची पाठ. सुरी दगडावर घासताना कोन आपल्याला हाताने सांभाळावा लागतो, तो जरा इकडेतिकडे झाला की धार गोल होते. वस्तऱ्यात ही भानगडच नाही. पातं दोन्ही बाजूंनी आत खोलगट कोरलेलं असतं, त्यामुळे ते दगडावर आडवं ठेवलं की दोनच ठिकाणी टेकतं, जाड पाठ आणि धार. म्हणजे कोन ठरवायचं काम पाठ करते. माझ्या वस्तऱ्याची पाठ 4.5 मिलिमीटर जाड आहे आणि पातं 16 मिलिमीटर रुंद. 4.5 भागिले 16 म्हणजे 0.28 रेडियन, म्हणजे जवळजवळ 16 अंश. कोन लहान असला की जाडी भागिले रुंदी हेच त्याचं रेडियनमधलं माप, त्यामुळे त्रिकोणमितीची वहीसुद्धा काढावी लागत नाही. आणि गंमत बघा, घासताना धार झिजते तशी पाठही झिजते, रुंदी कमी होते तशी जाडीही कमी होते, म्हणून वर्षानुवर्षं घासूनही कोन फारसा बदलत नाही. ज्या कोणी पहिल्यांदा हा आकार शोधला त्याने कोन मोजायचं साधन त्या हत्यारातच घालून ठेवलं. काही जण पाठ झिजू नये म्हणून तिला इलेक्ट्रिकची चिकटपट्टी लावतात. दोन्ही बाजूंची मिळून जाडी 0.3 मिलिमीटर वाढली तर कोन साधारण 1 अंशाने वाढतो, मग पुढच्या वेळी पट्टी न लावता घासलं तर दगड कडेपर्यंत पोचतच नाही आणि माणूस विचार करत बसतो की धार का येत नाही.

या 0.28 वरूनच आणखी एक हिशोब निघतो, जरा किचकट आहे पण बघाच. समजा कड बोथट होऊन तिथे 10 मायक्रॉन रुंदीचा सपाट माथा झालाय. दोन्ही बाजू परत टोकाला भेटवायच्या तर पात्याची उंची किती कमी करावी लागेल? 10 भागिले 0.28, म्हणजे साधारण 36 मायक्रॉन. साडेतीनपट! आणि खड्डा 0.2 मिलिमीटर खोल असेल तर पूर्ण लांबीभर 200 मायक्रॉन पोलाद काढावं लागेल, नुसता खड्डा भरून येत नाही. आता 1000 नंबरच्या जपानी दगडाचे कण साधारण 12 मायक्रॉनचे, 4000 चे 3 आणि 8000 चे 1.2 मायक्रॉनचे. 8000 च्या एवढ्या बारीक कणांनी 200 मायक्रॉन काढायला बसलात तर दिवस जातील. म्हणून महागडा 12000 चा दगड घेतला की वस्तरा नवा होतो ही जाहिरात मला पटत नाही. काम होतं ते 1000 वर, बाकीचे दगड फक्त आधीच्या दगडाचे ओरखडे पुसतात. जे पृष्ठभाग अजून भेटलेच नाहीत त्यांना कितीही पॉलिश करा, ते भेटत नाहीत.

भेटले की नाही हे कसं कळतं? वस्तरा दिव्याखाली धार वर करून धरा. कडेवर कुठे पांढरी चकाकती रेघ किंवा ठिपका दिसला तर तिथे सपाट माथा आहे, प्रकाश त्याच्यावरून परत येतोय. खऱ्या धारेवर प्रकाश परत पाठवायला जागाच नसते, ती नुसत्या डोळ्यांना काळी दिसते. दुसरी युक्ती मार्कर पेनची, कडेजवळच्या पट्टीवर शाई लावायची, दगडावर दोनदा फिरवायचं आणि शाई कुठे उरली ते बघायचं. त्याआधी दगड सपाट आहे ना तेही बघा, कारण तो मधे खोलगट झाला असेल तर वरची सगळी भूमिती फुकट. पेन्सिलने चौकटी आखून काचेवरच्या सॅंडपेपरवर घासायचा, सगळ्या रेघा एकदम गेल्या की झाला सपाट.

वेळ वाचवायला ग्राइंडर मात्र कृपा करून वापरू नका. वस्तऱ्याचं पोलाद तापवून एकदम थंड करतात तेव्हा कार्बन लोखंडाच्या जाळीत अडकून राहतो आणि ते कडक होतं, मग ठिसूळपणा घालवायला 200 अंशांच्या आसपास हलकं तापवतात. ग्राइंडरवर कडेला निळा रंग आला म्हणजे तापमान 300 च्या घरात गेलं, तिथला कडकपणा गेला आणि तो आता दगडाने परत येणार नाही. पोलादाच्या या अभ्यासात आपल्या मुंबईचाही धागा आहे. 1790 च्या दशकात डॉ. हेलेनस स्कॉट यांनी इथून भारतीय वुट्झ पोलादाचे तुकडे लंडनला पाठवले, जेम्स स्टोडार्ट या कारागिराने त्यातून चाकू घडवला, आणि याच स्टोडार्टबरोबर पुढे मायकेल फॅरेडेने पोलादाच्या मिश्रधातूंवर प्रयोग केले.

बरं, इतकं कडक पोलाद आणि केस त्याच्या 50 पट मऊ, मग दाढी करून वस्तरा बोथट का होतो? मलाही वाटायचं झिजत असेल. 2020 मधे अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या संशोधकांनी सायन्स या नियतकालिकात दाखवलं की दाढीच्या पात्याच्या कडेचे चक्क बारीक टवके उडतात. ही पाती वस्तऱ्याची नव्हती, रोजच्या वापरून टाकायच्या रेझरची होती, पण प्रश्न तोच. पोलाद आतून एकसारखं नसतं, कुठे कडक कुठे जरा मऊ. केस सरळ समोर न येता वाकून तिरका आला, आणि नेमका अशा कडक-मऊ सीमेवर आला जिथे कडेला आधीच बारीकशी खाच आहे, तर ताण तिथे एकवटतो आणि टवका उडतो. म्हणूनच दाढीआधी दोन-तीन मिनिटं गरम पाण्याने केस भिजवणं ही नुसती चैन नाही, पाणी केसातल्या केराटिन या प्रथिनामधले हायड्रोजन बंध सैल करतं आणि केस बराच मऊ पडतो.

चामड्याचं कामही आता नीट समजेल. दगडावर धार पुढे ठेवून चालायचं, चामड्यावर पाठ पुढे, नाहीतर चामडंच कापलं जाईल. तिथे थोडी वाकलेली कड सरळ होते, वर्कशॉपमधे ज्याला बर म्हणतात तो दगडावर निघालेला पातळ पापुद्रा गळतो. हिरवी क्रोमियम ऑक्साइडची पेस्ट लावली तर साधारण अर्ध्या मायक्रॉनच्या कणांनी थोडं पोलादही निघतं. पण 200 मायक्रॉनचा खड्डा? अजिबात नाही.

आणि पुठ्ठ्याच्या पिरॅमिडखाली ठेवलेलं पातं आपोआप धारदार होतं, हे अजूनही लोक सांगतात. प्रागच्या कारेल ड्रबालला 1959 मधे याचं पेटंटसुद्धा मिळालं होतं. पेटंट मिळालं म्हणजे गोष्ट सिद्ध झाली असं होत नाही, आणि टवका उडालेली कड कुठल्याही ऊर्जेने परत उगवत नाही. ओलं पातं गंजतं एवढं मात्र खरं, तेव्हा पुसून कोरडं करा, तेलाचा हात फिरवा, पुठ्ठ्याचा खर्च वाचेल.

आजोबांच्या वस्तऱ्यातला खड्डा गेलाय. गालावरून तो आता आवाज न करता जातो. पण दिव्याखाली धरला की टोकाकडचे शेवटचे 3 मिलिमीटर अजून चमकतायत, तेव्हा रविवारी परत 1000 चा दगड भिजत घालायचाय.